कॅटफिशचे गरवणे

कॅटफिशचे गरवणे : मार्जारमीन गणातील (सिल्युरिफॉर्मिस) मासे गळ व आमिष वापरून पकडण्याचा छंद. या गणात ३,००० हून अधिक जाती असून त्या बहुतेक गोड्या पाण्यात राहतात. कोकण किनाऱ्यावरचा शिंगाळा याच गणातला, पण तो खाऱ्या पाण्यातला. छंद म्हणून हे गरवणे सर्वांत खोल रुजले ते अमेरिकेत, मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि दक्षिणेकडच्या राज्यांत. म्हणून ही नोंद मुख्यतः तिथल्या माशांविषयी व माणसांविषयी आहे. अमेरिकी सरकारच्या २०११ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार गोड्या पाण्यात कॅटफिश व त्याचा छोटा भाऊबंद बुलहेड यांच्यामागे जाणारे सुमारे ७० लाख लोक होते. बास या शिकारी माशाच्या मागे एक कोटीच्या वर होते, ट्राउट या माशाच्या मागे जवळजवळ कॅटफिशइतकेच.

तरीही प्रतिष्ठेची उतरंड वेगळी आहे. ट्राउटभोवती शंभर-दीडशे वर्षांचे साहित्य उभे आहे. बासला १९६८ पासून स्वतःची संघटना आणि १९७१ पासून मोठ्या बक्षिसांची राष्ट्रीय स्पर्धा आहे. कॅटफिश मात्र बराच काळ तळाची घाण खाणारा, गरिबांचा मासा मानला गेला. ही समजूत चुकीची आहे. ज्यांनी सगळे मासे गरवून पाहिले आणि शेवटी कॅटफिशपाशीच मुक्काम केला, त्यांची कारणे पाहिली की ते कळते.

जाती : अमेरिकेत गरवल्या जातात त्या मुख्यतः तीन जाती : चॅनल, ब्ल्यू आणि फ्लॅटहेड. चॅनल कॅटफिशची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि लहान वयात अंगावर काळे ठिपके असतात. ब्ल्यू कॅटफिशची शेपटीही दुभंगलेली असल्याने दोघांत गल्लत होते. खात्री करायची तर पोटाखालचा, गुदद्वारामागचा पर पाहावा. ब्ल्यूमध्ये त्याची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, चॅनलमध्ये ती गोलसर असते. फ्लॅटहेड दुरूनही ओळखू येतो : चपटे डोके, पुढे आलेला खालचा जबडा, जवळपास सरळ कापलेली शेपटी. खाण्याच्या सवयींत तिघे भिन्न आहेत. चॅनल जवळपास काहीही खातो. मोठा ब्ल्यू माशांवर आणि शिंपल्यांवर जगतो. वाढलेला फ्लॅटहेड शिकारी आहे, त्याला जिवंत मासाच हवा असतो. ‘कॅटफिश मेलेले-कुजलेले खातो’ हे सरसकट विधान फ्लॅटहेडपाशी कोलमडते.

आकार : पहिले आकर्षण वजनाचे. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम सुमारे १० किलोचा. तो १९३२ साली जॉर्जिया राज्यात झाला आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. चॅनल कॅटफिशचा विक्रम ५८ पौंडांचा (सुमारे २६ किलो), साउथ कॅरोलायनातील सँटी-कूपर जलाशयातला, १९६४ चा. फ्लॅटहेडचा १२३ पौंडांचा (सुमारे ५६ किलो), कॅन्सस राज्यातला, १९९८ चा. ब्ल्यू कॅटफिशचा १४३ पौंडांचा (सुमारे ६५ किलो), व्हर्जिनियाच्या कर जलाशयातला, २०११ चा. मार्क ट्वेनने ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ (१८८३) या पुस्तकात अडीचशे पौंडांच्या कॅटफिशचा उल्लेख केला आहे. तो आकडा कुणी तराजूवर तपासलेला नाही, पण नदीकाठच्या माणसांची कल्पना कुठवर जात होती हे त्यातून दिसते. मुद्दा असा, की समुद्रावर न जाता, भाड्याची बोट न घेता, गावाशेजारच्या नदीवर माणसाच्या वजनाचे जनावर गळाला लागण्याची शक्यता अमेरिकेत फार थोडे मासे देतात. अ‍ॅलिगेटर गार आणि स्टर्जन देतात, पण ते मोजक्याच पाण्यांत मिळतात आणि त्यांच्यावर निर्बंध अधिक.

चव आणि वास : कॅटफिश गरवणाऱ्याला खरा नाद लागतो तो या माशाच्या ज्ञानेंद्रियांमुळे. त्याच्या अंगावर खवले नसतात. ओठ आणि मिशाच नव्हे, तर पाठ, पोट, पर, शेपटी अशा सगळ्या कातडीवर रुचिकलिका पसरलेल्या असतात. चांगल्या वाढलेल्या माशात त्या लाखाच्या वर भरतात. माणसाच्या तोंडात जेमतेम काही हजार असतात. म्हणजे आमिषाला नुसता अंगाने स्पर्श झाला तरी ते खाण्याजोगे आहे की नाही हे माशाला समजते. १९६७ साली जॉन बार्डक व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात बुलहेडवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वासाची जाणीव नष्ट केलेले मासेही केवळ चवीच्या आधारे दूरवरच्या पदार्थापर्यंत पोहोचले. पण एका बाजूच्या रुचिकलिका काढून टाकल्या की मासा शाबूत बाजूकडे वळत गोल गोल फिरू लागला. डावीकडे चव दाट की उजवीकडे, हे ताडतच तो वाट काढतो, असा त्याचा अर्थ. शिवाय वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणाऱ्या बारीक हाडांमुळे त्याला तीक्ष्ण ऐकू येते आणि कातडीतील सूक्ष्म खळग्यांमुळे इतर जीवांची क्षीण विद्युतस्पंदनेही जाणवतात. गढूळ पाण्यात, काळोखात, डोळ्यांवाचून शिकार करण्याची ही पूर्ण सिद्धता आहे.

यावरून गरवण्याची सारी रीत ठरते. बासला खोट्या आमिषाने फसवायचे असते. त्यासाठी रंग, चाल, चकाकी लागते आणि दिवसभर फेकत-ओढत राहावे लागते. कॅटफिशला पाण्यातून चवीचा निरोप धाडायचा असतो. जाणता माणूस आधी नदी वाचतो : वळणावरचा डोह, पडलेल्या झाडांचा गुंता, बंधाऱ्याखालची खोल घळ. मग डोहाच्या वरच्या अंगाला बसून आमिष अशा जागी टाकतो, की प्रवाह त्याचा वास सरळ डोहात नेईल. आमिषे घरगुती असतात. कोंबडीची काळीज-कलेजी मऊ पडून गळावरून निसटते, म्हणून ती दोऱ्याने किंवा जुन्या नायलॉन मोज्याच्या तुकड्यात बांधतात. शॅड नावाच्या तेलकट माशाचे ताजे तुकडे ब्ल्यूसाठी उत्तम. त्यातही डोके अधिक टिकते. सनफिशसारखा छोटा जिवंत मासा फ्लॅटहेडसाठी. गांडुळे, सॉसेज, साबणाच्या वड्यासुद्धा चालतात. चीज आंबवून केलेल्या उग्र वासाच्या लगद्यांच्या कृती घराघरांत जपल्या जातात आणि सहसा कुणाला सांगितल्या जात नाहीत. आमिष स्वतः घडवण्याचे हे सुख इतर माशांच्या छंदात क्वचितच मिळते.

बैठक : उन्हाळ्यात पाणी तापले की ट्राउट मंदावतो, बास दुपारचा गप्प होतो, कॅटफिश मात्र याच दिवसांत जोरात खातो, आणि रात्री अधिक. त्यामुळे हा रात्रीचा आणि सोबतीचा छंद झाला. काठाला दुबेळकी काठी रोवून त्यावर रॉड टेकवायचा, टोकाला घुंगरू किंवा छोटी घंटी लावायची, कंदील पेटवायचा आणि बसायचे. हाताला सतत काम नसल्याने गप्पा होतात, मुले शेजारी झोपतात, आजोबा बोलते होतात. अनेकांना माशाइतकाच हा वेळ हवा असतो. घंटी वाजली की मात्र सगळे ताठ होतात. चॅनल आधी टकटक करतो. ब्ल्यू रॉड एकदम वाकवतो. फ्लॅटहेडचा ओढा संथ आणि जड असतो. गोलाकार गळ वापरला असेल तर झटका द्यायचा नसतो : रॉड पुरता वाकू द्यायचा आणि शांतपणे रीळ फिरवायचे, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मासा गळ गिळत नाही, म्हणून सोडून द्यायचा असेल तर तो जगण्याची शक्यता वाढते. नवख्याचा हात नेमका इथेच घाई करतो.

पुढची झुंज उड्यांची नसते. मासा तळाकडे डोके करून बसतो, झाडांच्या मुळ्यांकडे धाव घेतो, दोरीभोवती स्वतःला गुंडाळत गिरक्या मारतो. जिंकायचे असते ते त्याच्या वजनाशी आणि धीराशी. काठावर आल्यावर त्याला धरणे हेही शिकण्याचे काम आहे. पाठीवरच्या परात एक आणि छातीच्या परांत दोन असे तीन ताठ काटे असतात आणि तो ते उभे करून सांध्यात अडकवून ठेवू शकतो. मग दाबूनही ते मिटत नाहीत. लहान माशाचे काटे जास्त टोचरे असतात. तळहात पोटाखालून नेऊन अंगठा आणि बोटे छातीच्या काट्यांच्या मागे घट्ट बसवावी लागतात. असा धरलेला मासा काट्याचा सांधा घासून कुरकुर आवाज करतो. काटा रुतला तर सौम्य विषामुळे ठणका लागतो. गरम पाण्यात हात बुडवल्याने बरे वाटते.

हाताने पकडणे : ओक्लाहोमा, टेनेसी, मिसिसिपी आदी राज्यांत गळाशिवाय, नुसत्या हाताने फ्लॅटहेड पकडण्याची जुनी रीत आहे, तिला नूडलिंग म्हणतात. टेक्सासने ती २०११ मध्ये कायदेशीर केली. उन्हाळ्याच्या आरंभी नर काठाच्या बिळात अंडी राखत बसतो. पकडणारा बिळात हात घालतो, मासा हाताला चावतो आणि माणूस त्याच जबड्याला धरून त्याला बाहेर ओढतो. दात काचकागदासारखे खरखरीत असतात, कातडी सोलून निघते. खरा धोका मात्र पाण्याखाली अडकून बुडण्याचा. धाडस निर्विवाद आहे. पण राखणारा नर गेला की अंडीही जातात, हा आक्षेप रास्त वाटतो. ओक्लाहोमातील पॉल्स व्हॅली गावात २००० सालापासून या रीतीची जत्रा भरते.

खर्च आणि पोच : बासच्या स्पर्धेत उतरायचे तर वेगवान बोट, सोनार, आमिषांच्या पेट्या आल्या. कॅटफिशला साधा रॉड, शिसे, गळ आणि परवाना पुरतो. दक्षिणेतील काळ्या शेतमजुरांनी आणि गरीब गोऱ्या कुटुंबांनी हा मासा पोटासाठी धरला, त्यामागे हेच कारण होते. रॉबर्ट पेटवेने १९४१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘कॅटफिश ब्ल्यूज’ त्याच मातीतले. आज अनेक राज्यांचे मत्स्यविभाग शहरातल्या बागांच्या तळ्यांत चॅनल कॅटफिश सोडतात. टेक्सासमध्ये अशा तळ्यांत उन्हाळ्यात कॅटफिश व हिवाळ्यात ट्राउट सोडण्याचा नियमित कार्यक्रम आहे. कितीतरी शहरी मुलांनी पकडलेला पहिला मासा कॅटफिशच असतो.

ताटातला मासा : बास बहुतेक जण सोडून देतात, कॅटफिश घरी नेतात. कातडी चिमट्याने सोलून, तुकडे मक्याच्या पिठात घोळवून तळतात. रोहू-कटल्यासारखे मांसातले बारीक काटे यात नसतात, म्हणून तो लहान मुलांनाही देता येतो. मांसाला कधी मातकट चव येते. ती चिखलाची नसून काही नीलहरित जीवाणूंनी पाण्यात सोडलेल्या जिओस्मिनसारख्या द्रव्यांची असते. मिसिसिपी राज्यात कॅटफिशच्या शेतीचा मोठा धंदा उभा राहिला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २५ जून १९८७ हा राष्ट्रीय कॅटफिश दिन जाहीर केला. नदीतले फार मोठे मासे मात्र खाऊ नयेत : वय वाढते तसा त्यांच्या शरीरात पारा व अन्य विषारी द्रव्यांचा साठा वाढतो. शिवाय वीसेक वर्षांचा मासा एकदा मारला की त्याच्या जागी तसा दुसरा यायला तितकीच वर्षे लागतात. जाणते गरवणारे आता मध्यम मासे नेतात आणि मोठे सोडतात. ही पद्धत योग्य आहे.

परके पाणी : काहीही खाणे, गढूळ पाण्यात तगणे, प्रचंड वाढणे हे जे गुण गरवणाऱ्याला मोहात पाडतात, तेच मूळ वस्तीबाहेर घातक ठरतात. युरोपातील वेल्स कॅटफिश १९७४ मध्ये स्पेनच्या एब्रो नदीत केवळ गरवण्यासाठी सोडला गेला. आज तिथे देशोदेशीचे शौकीन येतात, आणि स्थानिक माशांवर त्याचा भार पडला आहे. इटलीच्या पो नदीतही तो परकाच. २०२३ मध्ये तिथे २८५ सेंटिमीटर लांबीचा वेल्स पकडला गेला. व्हर्जिनियाच्या नद्यांत १९७० च्या दशकात सोडलेला ब्ल्यू कॅटफिश चेसापीक उपसागरभर पसरला आणि आता तिथले खेकडे व मासे फस्त करतो. सरकारच लोकांना तो पकडून खायला सांगते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. आफ्रिकन मांगूर याच गणातला. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ च्या आदेशानंतर राज्यात त्याचे साठे नष्ट करण्यात आले, तरी तो चोरून वाढवला जातो. हौसेच्या काचपेट्यांतून बाहेर टाकलेला सकर मासाही कॅटफिशच. उजनी जलाशयातल्या मच्छीमारांची जाळी तो फाडतो. तेव्हा गरवण्याची कितीही आवड असली, तरी एका पाण्यातला जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नये आणि पेटीतला नकोसा मासा तलावात टाकू नये.