वैलावरचे शब्द

पांढुर्णा-सौंसरच्या मळ्यात संत्रा पिकतो आणि चुलीवर मटण शिजते. मराठीत ही दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी कधी बसत नाहीत. हिंदीत मात्र फळही पकते आणि भाजीही पकते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्यातले पांढुर्णा-सौंसर हे दोन तालुके मराठी घर, हिंदी कचेरी असा संसार करू लागले. 2023 साली त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी ही दुभाषी वहिवाट तशीच आहे. म्हणून इथे बोलणाऱ्याला 'पिकणे' आणि 'शिजणे' यांतला फरक रोज जपावा लागतो. पुण्यात तो आपोआप जपला जातो.

खरे तर 'पिकणे' आणि 'पकना' सख्खी भावंडे आहेत. दोघांचे मूळ संस्कृत 'पक्व'. प्राकृतात त्याची 'पक्क' आणि 'पिक्क' अशी दोन्ही रूपे होती. मराठीने दुसरे उचलले आणि त्याला शेताबागेत ठेवले. चुलीसाठी तिने वेगळे कुळ शोधले. संस्कृत 'सिध्यति', प्राकृत 'सिज्झइ', मराठी 'शिजते'. म्हणजे सिद्धी आणि शिजलेली डाळ एकाच धातूच्या पोटी जन्मली. पूर्ण होणे, तडीस जाणे हा त्या धातूचा अर्थ. हिंदीत 'सीझना' आहे, पण कोपऱ्यात बसलेले. आपल्याकडे ते रोज ताटात येते, आणि मला ही मराठीची फार मोठी श्रीमंती वाटते.

विदर्भात स्वयंपाकघराला 'रांधनी' म्हणतात. त्यातल्या 'रांधणे'ची गोष्ट आणखी जुनी आहे. वेदांतल्या 'रध्' धातूचा अर्थ वश होणे, शरण येणे. त्याचे प्रयोजक रूप 'रन्धयति', म्हणजे नमवणे. पुढे तेच रूप अन्न शिजवण्यासाठी आले. जून बोकडाचे मांस रांधताना हा अर्थ हातालाच कळतो. 'जून' हा शब्दही 'जूर्ण', 'जीर्ण' या घरचा. जून जनावराच्या स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट कोलॅजन तासन् तास मंद उष्णतेत राहिले की विरघळून त्याचे जिलेटिन होते, रस्सा मिळून येतो आणि बोटी हाडापासून सुटते. मोठ्या जाळावर घाई केली तर पाणी आटते आणि मांस नमत नाही.

हा मंदपणा सांगायला इथल्या बोलीकडे शब्दांचा साठा आहे. 'ज्वाला'पासून 'जाळ', 'अर्चिस्'पासून 'आच', 'अंगार'पासून प्राकृत 'इंगाल' आणि मराठी 'इंगळ'. जाळ डोळ्यांना दिसतो, आच अंगाला लागते. मंद असते ती आच. या पट्ट्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तसा जाळाचा 'जाय'. 'जाय कमी कर' हे बाहेरच्याला कुणाला घालवून देणे वाटेल. इथे ते चुलीतले लाकूड मागे ओढणे असते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) नागपूरकडच्या मराठीची ही लकब नोंदलेली आहे.

इंगळांवर राख चढली की होतो तो फुफाटा. 'आगीतून निघून फुफाट्यात' ही म्हण आपण संकटासाठी वापरतो, पण ती ज्याने केली त्याला चूल पक्की ठाऊक होती. वरून विझलेला, आतून धगधगता फुफाटा उष्णता सावकाश सोडतो. म्हणून तर विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या फुफाट्यात पुरून भाजतात. कणकेचा हा जाड गोळा भवानीला वाहण्याचा नवस एकनाथांच्या भारुडात आला आहे, म्हणजे सोळाव्या शतकात तो महाराष्ट्रभर परिचित असणार.

पण मला सगळ्यांत प्रिय आहे तो 'वैल'. मातीच्या चुलीला खेटून, तिच्याच अंगात घातलेले हे दुसरे तोंड. त्याला स्वतःचे सरपण नसते. मुख्य चुलीतला जाळ भाकरीच्या तव्याखाली काम करतो आणि त्याची उरलेली धग आतल्या बोळातून वैलापर्यंत जाते. तिथे दूध तापते, वरण गरम राहते, आणि फोडणी देऊन पहिली उकळी आलेले जून मटण गंजात झाकून सरकवले की दुपारपर्यंत होते. याला कुठे 'औल' म्हणतात, कुठे 'आवल'. कन्नडात चुलीलाच 'ओले' म्हणतात. हे शब्द एकमेकांचे शेजारी असावेत असे मला वाटते.

आज शहरातल्या मुलांकडे विजेचा स्लो कुकर येतो तेव्हा मला वैल आठवतो. शिकागोचे इर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट 1940 साली मिळाले. त्यांच्या आईकडचे लोक लिथुआनियातले ज्यू. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, आग पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गोमांस, घेवड्याचे दाणे आणि जव यांचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे. त्या पदार्थाचे नाव 'चोलेंट'. निवती भट्टी म्हणजे मोठा फुफाटाच. 1971 मध्ये नॅक्सन यांचे यंत्र 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आले. 'क्रॉक' म्हणजे मातीचे भांडे. त्यात रांधल्या जाणाऱ्या 'कॅसरोल'चे नावही भांड्याचेच, फ्रेंच कढईवजा पात्राचे. आपण 'हंडी' मागवतो तेव्हा तेच करतो.

तिकडे कॅसरोलमध्ये बहुधा गोमांस असते. इथे पोळ्याला बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि राज्यात गोवंशहत्येला कायद्यानेही बंदी आहे. तेव्हा भांड्यात बोकडच जाणार. 'मटण' हा शब्द मात्र इंग्रजांचा, त्यांच्याकडे तो मेंढीच्या मांसाचा. इथे येऊन तो बकऱ्याचा झाला आणि मेंढी मागे पडली.

स्लो कुकरमध्ये मटण करायचेच असेल तर एक गोष्ट आपल्या शब्दांकडून शिकून घ्यावी. इथल्या माणसाला रश्श्यावर 'तर्री' हवी. फारसी 'तर' म्हणजे ओला, 'तरी' म्हणजे ओलावा; विदर्भाने त्याला जोर देऊन 'तर्री' केले आणि अर्थ वर तरंगणाऱ्या लाल तेलापुरता ठेवला. बंद झाकणाखाली पाणी उडून जात नाही, म्हणून सगळे कच्चेच भांड्यात टाकले तर तर्री येणार नाही, पांचट रस्सा होईल. कांदा, खोबरे, खसखस, काळा मसाला तेल सुटेपर्यंत वेगळा परतावा, मांस त्यात घोळवावे, पाणी नेहमीच्या निम्मे घालावे आणि मग मंद आचेवर सात-आठ तास सोडावे.

यंत्राने एक मात्र नेले, ते म्हणजे आवाज. पाणी खळखळते, घट्ट वरण खदखदते आणि मंद आचेवरचे मटण रटरटते. दुसऱ्या खोलीत बसलेली बाई या तीन शब्दांवरून जाळ किती आहे ते ओळखत असे. प्रेशर कुकरने त्या जागी शिट्ट्यांची मोजणी आणली. स्लो कुकर तर जवळजवळ गप्पच असतो, आणि ज्या घरात रटरट ऐकू येत नाही तिथे 'रटरटणे' फार काळ टिकणार नाही.

पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा इकडच्या वाचकांना म्हणून एक विनंती. तुमच्या घरी चुलीच्या त्या दुसऱ्या तोंडाला आजी काय म्हणते, मंद जाळाला काय म्हणते आणि मटण झाले हे कोणत्या शब्दात सांगते, ते गावाच्या नावासह वहीत उतरवून ठेवा. कोशात नसेल असा एखादा शब्द त्यात नक्की निघेल.