नियमावली आली कुठून?

आपल्या बॅचने शाळेच्या मैदानावर रविवारचा क्रीडा क्लब सुरू करायचं ठरवलं, तेव्हा मी मुलांच्या सुरक्षिततेसाठी लेखी नियमावलीचा विषय काढला. ‘आपल्याच माणसांवर अविश्वास कशाला?’ असं दोघातिघांनी विचारलं. ग्रुपवर लांबलचक उत्तर कोण वाचणार? म्हणून स्मरणिकेत ही जागा मागून घेतली.

ब्रिटनमधल्या क्लबांत अशी नियमावली आज नेहमीची झाली आहे. पण ती आली मुलांनी किंमत मोजल्यावर. पॉल हिक्सन हा १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधला ब्रिटिश जलतरण प्रशिक्षक. किशोरवयीन मुलींवरील लैंगिक अत्याचारांबद्दल १९९५ मध्ये त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली. संघातली निवड प्रशिक्षकाच्या हातात, घरच्यांचा त्याच्यावर भरवसा; मग मुलीने सांगायचं कोणाला? पुढे २००१ मध्ये एनएसपीसीसी आणि स्पोर्ट इंग्लंड यांनी क्रीडाक्षेत्रासाठी स्वतंत्र बालसंरक्षण विभाग काढला.

फुटबॉलची गोष्ट अधिक बोचते. बॅरी बेनेल या प्रशिक्षकाला आधी अमेरिकेत आणि १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये शिक्षा झाली होती. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये माजी खेळाडू अँडी वुडवर्ड स्वतःचं नाव उघड करून बोलले, तेव्हा कुठे शेकडो जणांना कंठ फुटला. २०२१ च्या शेल्डन अहवालाने फुटबॉल असोसिएशनवर ठपका ठेवला: ऑक्टोबर १९९५ ते मे २००० या काळात, धोका कळूनही, मुलांच्या संरक्षणासाठी पुरेसं काही केलं नाही.

म्हणून नियम साधे असतात. मुलासोबत बंद दाराआड एकट्याने थांबायचं नाही. खाजगी मेसेज नाहीत; निरोप पालकांच्या ग्रुपवर. एकट्या मुलाला गाडीतून सोडायचं नाही. आमच्या क्षेत्रात स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करत नाहीत. त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. ‘आपापसात मिटवू’ ही सोय तिथे नाही.

मसुदा दोन पानांचा झाला आहे. तक्रार ऐकणारी व्यक्ती मात्र आपल्या बॅचमधली नको. मैत्री आड येईल. आपल्या निवृत्त बाईंपैकी कोणी ही जबाबदारी घेतील का, हे मेळाव्यात विचारणार आहे.