अस्वलाचे घर आणि सैतानाचा मनोरा

वायोमिंगच्या मैदानात, बेल फूश नदीच्या काठी, पायथ्यापासून ८६७ फूट उंचीचा एक एकाकी खडक उभा आहे. शिलारस निवताना आकसून तडकला आणि त्याचे बहुकोनी उभे स्तंभ बनले. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्यास ही रचना अपरिचित वाटावयाची नाही. दगड मात्र निराळा. भाषेच्या अभ्यासकाने तेथे गेल्यावर स्तंभांइतकेच नावाकडेही लक्ष द्यावे.

लाकोटा लोक या खडकास 'माटो थिपिला', म्हणजे 'अस्वलाचे घर', म्हणतात. १८५७ नंतरच्या बहुतेक जुन्या नकाशांतही त्याच अर्थाचे इंग्रजी नाव आढळते. १८७५ मध्ये तेथे आलेल्या कर्नल डॉज यांनी मात्र देशी नावाचा अर्थ 'दुष्ट देवाचा मनोरा' असा दिला. त्यावरून 'डेव्हिल्स टॉवर' रूढ झाले. ही भाषांतरातील चूक असावी, असे सामान्यतः मानतात. प्रस्तुत लेखकास ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. परक्यांचे पूज्य स्थान सैतानाचे मानण्यास मन आधीच तयार नसते, तर चुकीचा अर्थ इतका सहज टिकता ना. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले, तेव्हा घोषणेत हेच नाव आले, तेही षष्ठीदर्शक चिन्ह गाळून. जुन्या नावासाठी तेथील मूळ जमातींनी मागणी केली आहे; सरकारी कागदावर सैतान अद्याप कायम आहे.