दिनविशेष : २८ डिसेंबर
अमेरिकी गायक-गिटारवादक अ‍ॅलेक्स चिल्टन यांचा आज जन्मदिन (१९५०, मेम्फिस). ‘बॉक्स टॉप्स’ या बँडसाठी त्यांनी सोळाव्या वर्षी गायलेले ‘द लेटर’ १९६७ मध्ये अमेरिकेत अव्वल ठरले. पुढे त्यांच्या ‘बिग स्टार’ बँडचा ‘नंबर वन रेकॉर्ड’ (१९७२) हा अल्बम समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण वितरणाच्या घोळामुळे तबकड्या दुकानांत पुरेशा पोहोचल्याच नाहीत. मिनीआपोलिसच्या ‘द रिप्लेसमेंट्स’ या बँडने १९८७ मध्ये ‘अ‍ॅलेक्स चिल्टन’ याच नावाचे गाणे करून, त्यांच्या वाट्याला न आलेली अफाट लोकप्रियता त्यात रंगवली. ‘बिग स्टार’चे अल्बम जिथे घडले, त्याच आर्डेंट स्टुडिओत हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. हे गाणे असलेल्या ‘द रिप्लेसमेंट्स’च्या अल्बममधील दुसऱ्या एका गाण्यात खुद्द चिल्टन यांची गिटार आहे. एका कलावंताने दुसऱ्याला हयातीतच दिलेली ही मोठी दाद. चिल्टन यांचे निधन १७ मार्च २०१० रोजी झाले.