फ्लाइट ६६६

आयर्न मेडन या ज्येष्ठ ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष मैफलींतील ध्वनिमुद्रणांचा संग्रह (२००९). त्याच नावाच्या अनुबोधपटाच्या जोडीने तो प्रसिद्ध झाला. त्यातील पहिले गीत मुंबईच्या मैफलीतील असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीनेही तो उल्लेखनीय ठरतो.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे. १९४८ मध्ये दीर्घवादन ध्वनिमुद्रिका आली आणि सबंध मैफल श्रोत्यांच्या घरी पोहोचविणे सुकर झाले. बेनी गुडमन यांची न्यूयॉर्क येथील १९३८ ची जॅझ मैफल अशा स्वरूपात १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. रॉक संगीतात द हू या वृंदाची लाइव्ह ॲट लीड्स (१९७०) ही एका रात्रीच्या मैफलीवर आधारलेली ध्वनिमुद्रिका, तर डीप पर्पलची मेड इन जपान (१९७२) ही ओसाका व टोकिओ येथील तीन रात्रींच्या मैफलींतून निवडलेली होती.

आयर्न मेडनची स्थापना स्टीव्ह हॅरिस यांनी १९७५ मध्ये लंडन येथे केली. २००८ च्या आरंभी हा वृंद जगप्रवासास निघाला. गायक ब्रूस डिकिन्सन हे परवानाधारक वैमानिक असून कलावंत, साहाय्यक व साहित्य वाहून नेणारे बोइंग ७५७ विमान ते स्वतः चालवीत. दौऱ्याच्या या टप्प्यात ४५ दिवसांत २३ मैफली झाल्या. त्यांतील पहिली १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात पार पडली.

संग्रहात १६ गीते असून प्रत्येक गीत निराळ्या शहरातील मैफलीतून घेतले आहे. त्यांचा क्रम मात्र दौऱ्यातील सादरीकरणाचाच ठेवला आहे. आरंभीचे ‘एसेस हाय’ हे गीत १९४० च्या हवाई युद्धातील ब्रिटिश वैमानिकाविषयी आहे. त्यापूर्वी चर्चिल यांच्या युद्धकालीन भाषणाचा अंश ऐकविला जातो. भारतीय स्वातंत्र्याचे कडवे विरोधक असलेल्या या नेत्याचा आवाज मुंबईतील तरुण श्रोत्यांनी एका गीताची प्रस्तावना म्हणून ऐकला, हे कालांतराचे लक्षण होय.

या संग्रहातून ऐकू येणारी सलग मैफल कोणत्याही एका ठिकाणी झालेली नाही; ती संपादनातून सिद्ध झालेली आहे. त्यामुळे एका रात्रीचा पुरावा म्हणून त्याला मर्यादा पडतात. त्याचे खरे मोल श्रोत्यांच्या सहभागात आहे. गंगाखेड येथे जन्मलेल्या संत जनाबाईंचा अभंग कीर्तनात रंगतो, तो टाळकऱ्यांच्या व श्रोत्यांच्या साथीने. रॉक मैफलीतही समुदायाचा प्रतिसाद हा सादरीकरणाचाच घटक असतो. कलागृहातील निर्दोष ध्वनिमुद्रणात तो नसतो. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या या जागतिक दस्तऐवजात मुंबईचा श्रोतृवर्ग अशा रीतीने सहभागी म्हणून नोंदला गेला आहे.