फ्लाइट सिम्युलेटर, 'जोशी' व्हायरस आणि आमच्या घरातला एकच कॉम्प्युटर

या वेळचा प्रश्न लायब्ररीतून आलेला नाही, आमच्या घरच्या हॉलमधून आलाय.

आमच्याकडे बऱ्यापैकी ताकदीचा असा एकच कॉम्प्युटर आहे. त्यावर माझा धाकटा भाऊ सिम्युलेटरमध्ये लोहगावहून विमानं उडवतो, बाबा बँकेचे व्यवहार करतात आणि माझ्या प्रबंधाची साडेतीन वर्षांची निरीक्षणंही त्याच हार्डडिस्कवर आहेत. दुसरी प्रत होती हो, पण खरं सांगते, ती सात महिने जुनी होती. तर झालं असं, की ऐन लँडिंगच्या वेळी भावाचं चित्र अडकायला लागलं. मित्राने सल्ला दिला, "अँटीव्हायरस उडवून टाक." तसाही त्याचा वर्षाचा परवाना संपत आला होता. मग भावाने विचारलं, "ताई, सिम्युलेटरसाठी सगळ्यात चांगला अँटीव्हायरस कुठला?" बाबांचं उत्तर तयारच होतं, "पुण्याचाच घ्या, त्यात विचारायचं काय?"

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएचडी प्रवेशासाठी विषय शोधताय. 'सगळ्यात चांगला कुठला' असा प्रश्न घेऊन गाइडकडे गेलात, तर पहिला उलट प्रश्न येईल, "कशासाठी चांगला?" मलाही आला होता, आणि त्या दिवशी मी गप्प बसले होते. म्हणून भावाला उत्तर देण्याआधी मी थोडं मागे गेले.

बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. कैलास काटकर हे दहावीपर्यंत शिकलेले गृहस्थ पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले आणि त्यातल्या कित्येकांचा बिघाड सुट्या भागांत नसून व्हायरसमध्ये असायचा. धाकटे बंधू संजय काटकर पुण्यातच कॉम्प्युटर सायन्स शिकत होते, त्यांनी सफाईचे प्रोग्रॅम लिहिले. १९९५ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदली गेली, २००७ मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. ही यशोगाथा तुम्ही वाचली असेल. मला त्यातला दुकानाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या काळात अँटीव्हायरस म्हणजे औषध होतं. मशीन आजारी पडलं, की दुकानात आणायचं, फ्लॉपी घालायची, साफ करायचं आणि परत न्यायचं.

त्या आजारांचा एक नमुना बघा. त्याचं नावच 'जोशी'. १९९० साली तो भारतात सापडला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून यायचा आणि हार्डडिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात जाऊन बसायचा. दरवर्षी ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा, असा हुकूम पडद्यावर यायचा. तेवढं टाइप केलं, की काम सुरू! इथवर गंमत वाटते. खरी गोम पुढे आहे. हा व्हायरस मेमरीत जागा असताना तुम्ही डिस्कचा तो भाग वाचायला गेलात, तर तो मधेच ती मागणी अडवून मूळची स्वच्छ प्रत तुमच्यापुढे ठेवायचा. म्हणजे चोराच्या घरी जाऊन चोरालाच विचारायचं, "चोरी झाली का?" कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी हा मेमरीत टिकून राहायचा. म्हणून मशीन पूर्ण बंद करून, संसर्ग नसलेल्या वेगळ्या फ्लॉपीवरून चालू करून मगच तपासणी करावी लागायची. मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे हे वाचताना मला आमचा ऑटोक्लेव्हच आठवला. मोजायचं साधनच दूषित असेल, तर मोजमापाला काय अर्थ?

इंटरनेट आणि सीडी घरोघरी आल्यावर औषधावर भागेना. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच, म्हणजे 'चेर्नोबिल' नावाने गाजलेला व्हायरस फुटला. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. तो हार्डडिस्क पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांवरचं बायोसही खराब करायचा, म्हणजे मशीन सुरूच व्हायचं नाही. आणि हे मी भावाला मुद्दाम सांगितलं, की त्याच्या प्रसाराची एक वाट 'सिन' या गेमच्या डेमोतून गेली होती. डेमोची एक डाउनलोड प्रत संसर्गित निघाली. असं नुकसान झाल्यावर दुकानात जाऊन उपयोग काय? म्हणून अँटीव्हायरस चोवीस तास दारात उभा राहणारा रखवालदार झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ पासून हा रखवालदार विंडोजबरोबरच द्यायला सुरुवात केली.

रखवालदार म्हटला की खोळंबा आला. एखादी फाइल उघडायची मागणी झाली, की हा ती मधे थांबवतो, तपासतो आणि मग सोडतो. तुम्ही प्रबंधाची वर्ड फाइल उघडता तेव्हा हे जाणवतही नाही. सिम्युलेटरचं तसं नाही. आजची काही सिम्युलेटरं डिस्कवर १०० जीबीहून जास्त जागा घेतात आणि विमान पुढे सरकेल तशी जमीन, इमारती, धावपट्टी यांच्या असंख्य छोट्या फाइली उडता उडताच वाचत राहतात. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील, तर एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात. त्यात रखवालदाराने जरा जास्त वेळ घेतला, की विमान हवेत गोठतं. (भावाची तक्रार खरी होती, पण दोष कोणाचा हे अजून ठरायचं होतं.)

आता तुम्ही म्हणाल, इतका हुशार प्रोग्रॅम बनवा की फक्त खरा व्हायरसच पकडेल. तो बनूच शकत नाही! हे मत नाही, सिद्ध झालेली गोष्ट आहे. १९८३-८४ मध्ये अमेरिकेत फ्रेड कोहेन हा विद्यार्थी याच विषयावर पीएचडी करत होता. 'व्हायरस' हा शब्द त्याचे मार्गदर्शक लिओनार्ड एडलमन यांनी सुचवला. कोहेनचा युक्तिवाद थोडक्यात असा. समजा, कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारा एक परीक्षक आहे. मी असा प्रोग्रॅम लिहिते जो त्या परीक्षकाला स्वतःबद्दलच विचारतो. उत्तर 'व्हायरस आहे' आलं तर तो निमूट बसतो, 'नाही' आलं तर पसरायला लागतो. परीक्षक काहीही म्हणाला तरी चुकला. ट्युरिंगचा हॉल्टिंग प्रॉब्लेम वाचलेल्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

म्हणजे प्रत्येक अँटीव्हायरसला दोन चुकांमध्ये आपली जागा निवडावी लागते, चोराला सोडणं किंवा सज्जनाला धरणं. दुसरी चूकही स्वस्त नसते. २१ एप्रिल २०१० ला मॅकअफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरची मशीन पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिली. घरगुती हिशेब करून बघा. समजा, सिम्युलेटरच्या आणि त्याला जोडलेल्या विमानांच्या मिळून २ लाख फाइली आहेत आणि रखवालदार १० हजारांत एकदाच चुकतो. तरी २० खोटे इशारे आले. वीसदा खोटी घंटा ऐकलेला माणूस एकविसाव्या वेळी काय करेल? बंद करेल.

सिम्युलेटरच्या दुनियेत हेच झालं. जोडविमानं छोट्या कंपन्या किंवा हौशी मंडळी बनवतात. त्यांचे इन्स्टॉलर फारसे कोणाच्या ओळखीचे नसल्यामुळे अँटीव्हायरसला संशयास्पद वाटतात. म्हणून 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा' हा सल्ला रूढच झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लाइट सिम लॅब्ज या कंपनीच्या एअरबस ए३२० च्या इन्स्टॉलरमध्ये एका वापरकर्त्याला 'टेस्ट' नावाची फाइल सापडली. ती क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर काढणारी होती. कंपनीने ती फाइल असल्याचं मान्य केलं आणि चोरून वापरलेला एक विशिष्ट सिरियल नंबर दिसला तरच ती चालते, असा खुलासा केला. ओरड झाल्यावर ती काढून नवा इन्स्टॉलर दिला. पण फाइल पैसे मोजून विमान घेणाऱ्या प्रामाणिक माणसांच्या मशीनवरही उतरली होतीच ना? इथे अँटीव्हायरसने दिलेला इशारा खोटा नव्हता. खोट्या इशाऱ्यांची सवय झालेल्यांना तो खोटा वाटला असता, एवढंच.

हे सांगितल्यावर भावाने हळूच कबूल केलं, की त्याच्याकडे मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेलं एक 'फुकट' बोइंग आहे, आणि ते टाकताना त्याने रखवालदाराला झोपवलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही, आधी बाहेरच्या डिस्कवर निरीक्षणांची ताजी प्रत काढली.

मग आम्ही मोजायचं ठरवलं. एकच मार्ग, लोहगाव ते शिर्डी, तेच विमान, तेच हवामान. नेट काढून ठेवलं आणि तपासणी आळीपाळीने चालू-बंद केली. पहिल्या दिवशी भावाने आधी 'चालू' आणि मग 'बंद' अशी एकेक फेरी करून निकालही जाहीर केला होता. मी त्याला क्रम उलटा करायला लावला. तरीही पहिली फेरीच अडखळली! कारण पहिल्या फेरीत वाचलेल्या फाइली विंडोज मेमरीत धरून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीला आयतं मिळतं. मग प्रत्येक फेरीआधी मशीन नव्याने सुरू करायचं, असा नियम केला. दोन रविवार गेले, आई वैतागली. अखेर आमच्या मशीनवर जे दिसलं ते असं: फरक मुख्यतः सिम्युलेटर उघडायला लागणाऱ्या वेळात होता. लँडिंगचा अडखळा रखवालदार बंद असतानाही तितकाच होता. तो ग्राफिक्सचं सेटिंग एक पायरी खाली आणल्यावर गेला.

शेवटी निवडलं काय? या मशीनवर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर ठेवला. तपासणीतून फक्त सिम्युलेटरचं मूळ इन्स्टॉलेशन असलेलं फोल्डर वगळलं. डाउनलोड आणि नवी विमानं टाकायचं फोल्डर मुळीच वगळलं नाही. भावाचं खातं वेगळं केलं आणि त्याला अॅडमिनचे अधिकार दिले नाहीत. इन्स्टॉल करायचं असेल तर मला हाक मारायची. बोइंग डिलीट केलं, त्यावरून दोन दिवस अबोला होता.

बाबांसाठी मात्र आम्ही जुना लॅपटॉप बँकेपुरता वेगळा काढला आणि त्यावर त्यांच्या आग्रहाखातर पुण्याचा परवाना घेतला. माझ्या मते तो आग्रह अडाणीपणाचा नाही. परीक्षण-संस्थांच्या तक्त्यांत किती व्हायरस पकडले, किती खोटे इशारे दिले, मशीन किती मंदावलं, हे सगळं असतं. काही अडलं तर मराठीत समजावून सांगणारा दुकानदार दहा मिनिटांवर आहे, याचा रकाना तिथे नसतो. दुरुस्तीच्या दुकानातून सुरू झालेल्या धंद्याची खरी मिळकत बाबांना तीच वाटते. मी त्यावर वाद घातला नाही. दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायचं काम आता त्यांनीच अंगावर घेतलंय.