अजिंठा–वेरूळ लाव्हाप्रदेशातील स्थलदर्शन

अजिंठा–वेरूळ लाव्हाप्रदेशातील स्थलदर्शन : महाराष्ट्र राज्याच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील व त्याच्या लगतच्या डोंगराळ मुलखातील नैसर्गिक व शैलोत्कीर्ण स्थळे आणि ती पाहण्यासाठी होत आलेल्या प्रवासाचा इतिहास. या प्रदेशातील स्थलदर्शनाची सुरुवात एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय प्रवाशांपासून झाली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यापूर्वी कित्येक शतके भिक्षू, यात्रेकरू, कारागीर व व्यापारी येथे येत असत. त्यांच्या प्रवासात देवदर्शन व निसर्गदर्शन ही दोन वेगळी कार्ये नव्हती आणि अल्प खर्च हे त्याचे प्रमुख लक्षण होते.

ज्वालामुखीचा प्रदेश म्हटले की जपानसारख्या देशातील धुमसती शिखरे व उष्णोदकाचे झरे डोळ्यांसमोर येतात. क्यूशू बेटावरील आसो हा जागृत ज्वालामुखी त्यासाठी प्रसिद्ध असून त्याच्या परिसरास १९३४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मराठवाड्यातील ज्वालामुखीचे स्वरूप निराळे आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचास पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर पडला व त्याचे थरावर थर साचून दक्षिण ट्रॅप हा खडकसमूह बनला. आज त्याने सु. पाच लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले आहे. उद्रेक एखाद्या शिखरातून न होता भेगांतून झाल्यामुळे येथे शंक्वाकार पर्वत किंवा ज्वालामुखीचे मुख आढळत नाही. आढळतात ती सपाट माथ्याची डोंगरे, पायऱ्यापायऱ्यांचे उतार आणि उभे कडे. ट्रॅप हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लाव्ह्याच्या काही थरांतील बेसाल्ट घट्ट व एकजिनसी, तर काहींतील सच्छिद्र आहे. छिद्रांत झिओलाइट, क्वॉर्ट्‌झ, अकीक यांसारखी खनिजे साचलेली दिसतात. घट्ट थर कोरीव कामास उपयोगी पडला व थरांच्या कड्यांवरून पावसाळ्यात पाणी कोसळू लागले. या प्रदेशातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळांचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

लेणी व पाणी : वाघूर नदीने बेसाल्टचे थर कापून घोड्याच्या नालाच्या आकाराची जी दरी निर्माण केली, तिच्या सु. ७६ मी. उंचीच्या कड्यात अजिंठ्याची तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांतील जुनी इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास व उरलेली मुख्यत्वे इ. स. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, खोदली गेली. दरीच्या वरच्या टोकास नदी सात टप्प्यांनी खाली येते. त्या कुंडांना सातकुंड असे म्हणतात. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एके ठिकाणी राहून घालविण्याचा नियम होता. त्यामुळे निवारा, एकांत व पाणी यांची एकत्र सोय असलेली अशी जागा त्यांना सोयीची होती. कन्नड–चाळीसगाव भागातील पितळखोरे येथील लेणीही अशाच दरीत असून त्यांच्याजवळ पावसाळ्यात धबधबा वाहतो. तेथील खडक मात्र तितकासा टिकाऊ नसल्याने लेण्यांची बरीच पडझड झाली आहे. वेरूळ येथील एकोणतिसाव्या, म्हणजे धुमार लेण्याजवळ कोसळणारा धबधबा ‘सीता की न्हाणी’ या नावाने ओळखला जातो.

यात्रेकरूंचे वेरूळ : वेरूळ येथे सु. २ किमी. लांबीच्या उतारावर चौतीस प्रमुख लेणी आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन. सोळावे लेणे, कैलास, हे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७३) याच्या काळातील असून ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत नेलेले आहे. त्यासाठी खोदलेला खड्डा सु. ८४ मी. लांब, ४७ मी. रुंद व मागील बाजूस ३३ मी. खोल आहे. एलापुर येथील या राजाच्या मंदिराची स्तुती बडोदे ताम्रपटात (८१२-१३) आढळते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी वेरूळ येथे मुक्काम केल्याची माहिती लीळाचरित्रात येते. जवळच असलेले घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजी भोसले यांनी व पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने केला. महाशिवरात्रीच्या यात्रेस येणारा शेतकरी देवदर्शनाबरोबर लेणीही पाहून जाई. शिधा बरोबर, प्रवास पायी वा बैलगाडीने आणि मुक्काम झाडाखाली किंवा देवळाच्या ओवरीत असल्याने त्यास वेगळा खर्च पडत नसे.

सामान्य लोकांना ही लेणी परिचित होती, याचा उत्तम पुरावा त्यांच्या प्रचलित नावांत सापडतो. दहाव्या बौद्ध चैत्यगृहास लोक ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुतार का झोपडा’ म्हणत. त्याच्या छतात लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. त्या पाहून सुतारांनी तेथील बुद्धमूर्तीस आपला कुलगुरू विश्वकर्मा मानले व ते तिच्या पूजेस येऊ लागले. ‘दो ताल’, ‘तीन ताल’, ‘रावण की खाई’, ‘रंगमहाल’ ही नावेही पाहणाऱ्यांनीच दिलेली आहेत. या नावांतून लेण्यांचा खरा इतिहास कळत नाही हे खरे. तथापि ती विस्मृतीत गेली नव्हती, एवढे त्यांवरून निश्चित होते.

वेरूळपासून थोड्याच अंतरावरील खुल्दाबाद येथे बुर्हानुद्दीन गरीब (मृ. १३३७) व झैनुद्दीन शिराझी (मृ. १३६९) या सूफी संतांचे दर्गे असून औरंगजेबाची कबरही (१७०७) तेथेच आहे. उरुसाच्या निमित्ताने येथे सर्व थरांतील लोक जमत आले आहेत. वाटेवरील देवगिरी (दौलताबाद) ही यादवांची राजधानी होती. अलाउद्दीन खल्जीने १२९६ मध्ये तिच्यावर स्वारी केली व मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये तेथे आपली राजधानी हलविली. या किल्ल्याच्या डोंगराच्या सर्व बाजू तासून उभ्या केलेल्या असून वर जाण्यासाठी खडकातूनच ‘अंधारी’ हा भुयारी मार्ग खोदलेला आहे. लेणी खोदणाऱ्यांचे खडकाचे ज्ञान येथे संरक्षणाच्या कामी आलेले दिसते.

यूरोपीय प्रवासी व नवे मार्ग : फ्रेंच प्रवासी तेव्हनो याने सतराव्या शतकात वेरूळचे वर्णन केले. जॉन सीली याचा वेरूळवरील ग्रंथ १८२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ याने २८ एप्रिल १८१९ रोजी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व दिनांक कोरून ठेवला. यास ‘अजिंठ्याचा शोध’ म्हणण्याची प्रथा आहे. परंतु दरीचा रस्ता स्थानिक रहिवाशांना ठाऊक होता. पुढे रॉबर्ट गिल याने १८४४ पासून आणि जॉन ग्रिफिथ्स याच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२–८५ या काळात येथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये गुलाम याझदानी यांच्याकडे पुरातत्त्व खाते सोपविले व १९२० नंतर इटालियन तज्ञांकडून चित्रांचे जतन करविले.

एकोणिसाव्या शतकात साहेब प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरून टांग्याने वेरूळकडे येत. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–मनमाड हा मीटरमापी लोहमार्ग पूर्ण झाला आणि औरंगाबाद शहर रेल्वेने जोडले गेले. मराठवाडा १९४८ मध्ये भारतात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यानंतर राज्य परिवहनाच्या गाड्यांमुळे शाळांच्या सहली व सामान्य कुटुंबे येथे मोठ्या संख्येने येऊ लागली. टांग्याचा प्रवास ज्यांच्या आवाक्याबाहेर होता, त्यांना लेण्यांचे दार प्रथम एस. टी. ने उघडून दिले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली.

लोणार : संभाजीनगरच्या पूर्वेस सु. १५० किमी. वर बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. सु. १·८ किमी. व्यासाचे हे विवर बेसाल्टमध्येच असल्याने ते ज्वालामुखीचे मुख असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. आघातामुळे खनिजांत होणारे बदल येथील खडकांत आढळल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि विवर उल्कापाताने निर्माण झाल्याचे सिद्ध झाले. ज्वालामुखीच्या या प्रदेशातील एकमेव विवर ज्वालामुखीचे नसावे, हा निसर्गाचा एक चमत्कारच होय. लवणासुराच्या वधाची कथा, दैत्यसूदनाचे मंदिर व गोमुखाची धार यांमुळे लोणारही प्रथम तीर्थ म्हणूनच प्रसिद्धीस आले. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. त्याच वर्षी या सरोवराचा रामसर पाणथळ जागांच्या यादीत समावेश झाला.

सद्यःस्थिती : अजिंठा व वेरूळ यांचा जागतिक वारसा यादीत १९८३ मध्ये समावेश झाला. १९९२ पासून जपानने दिलेल्या सवलतीच्या कर्जातून त्यांच्या संवर्धनाचा व पर्यटन सुविधांचा प्रकल्प राबविण्यात आला; लाव्ह्याने घडविलेल्या एका देशाने दुसऱ्या लाव्हाभूमीस केलेले हे साहाय्य उल्लेखनीय आहे. अजिंठ्यास येणारी खासगी वाहने फर्दापूरनजीक सु. ४ किमी. अलीकडे थांबवून प्रवाशांना बसगाड्यांनी नेण्यात येते व चित्रलेण्यांत एका वेळी मर्यादित संख्येनेच प्रवेश दिला जातो. श्वासोच्छ्‌वासातील बाष्प व उष्णता यांचा चित्रांच्या लेपावर अनिष्ट परिणाम होतो, हे या निर्बंधांमागील कारण आहे. भारतीय प्रवाशांसाठी प्रवेशशुल्क २०१८ मध्ये ४० रु. ठरविण्यात आले व १५ वर्षांखालील मुलांना ते माफ ठेवण्यात आले. धबधबे, दऱ्या व घाटमाथे यांचे दर्शन तर आजही बहुतांशी विनामूल्य आहे.

येथील पुढील प्रश्न या सुलभतेतूनच निर्माण होतो. गर्दी वाढू द्यावी तर चित्रे व सरोवर यांस धोका पोहोचतो; शुल्क वाढवून गर्दी रोखावी, तर ज्यांच्या पूर्वजांनी या लेण्यांना नावे दिली, तेच लोक दाराबाहेर राहतात. संख्या, वेळ व वाहने यांवर मर्यादा घालूनही शुल्क अल्प ठेवता येते, हे अजिंठ्याच्या अनुभवावरून दिसते. पायी येणाऱ्या यात्रेकरूस हा प्रदेश जसा मोकळा होता, तसा तो सामान्य प्रवाशास मोकळा ठेवणे हाही वारशाच्या जतनाचाच भाग मानला पाहिजे.